भावुक, स्वप्नाळू, अव्यवहारी: हा 'केल्टिक स्वभाव' ठरवला कुणी?

मेनाई_काठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं आम्ही वेल्सच्या वायव्य टोकाला, ग्विनेद परगण्यात राहतो. मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत, म्हणजे वेल्श माध्यमात शिकते. मीही संध्याकाळच्या वर्गाला जाऊन वेल्श शिकतेय, यंदा चौथं वर्ष.

गेल्या महिन्यात कामाच्या ठिकाणी एक प्रशिक्षण होतं. बाहेरून आलेल्या बाईंनी अगदी प्रेमानं सांगितलं की इथली माणसं केल्टिक (वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड, ब्रिटनी इथल्या लोकांना हे नाव लावतात), म्हणून मुळातच भावनाप्रधान, गाणारी, जराशी उदास, वेळ आणि हिशेब यांत सैल. त्यांच्याशी बोलताना मनाला हात घालायचा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्हा भारतीयांना हे लगेच समजेल. माझ्या शेजारी बसलेली सहकारी वीस वर्षं आमच्या विभागाचा सगळा हिशेब एकटी सांभाळते. ती खाली मान घालून वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत राहिली. मला फार वाईट वाटलं, आणि मी काही बोलले नाही याचं त्याहून जास्त.

घरी आल्यावर शोधत बसले की हे चित्र मुळात काढलं कुणी. १८५४ साली अर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच पंडितानं केल्टिक लोकांच्या काव्यावर निबंध लिहिला. रेनाँ फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगिए गावचा, म्हणजे तसा घरचाच माणूस. त्याच्या मते हे लोक लाजरे, आतल्या आत रमणारे, आणि एखाद्या जमातीला लिंग द्यायचंच झालं तर स्त्रीलिंगी. हा निबंध मॅथ्यू अर्नल्डच्या मनात भरला. अर्नल्ड नोकरीनं शाळा तपासनीस, शिवाय ऑक्सफर्डला काव्याचा प्राध्यापक. १८६४ मध्ये तो लँडिडनोला सुट्टीवर आला होता. तिथे आयस्तेद्‌वॉद, म्हणजे वेल्श कवींचा आणि गायकांचा मेळा भरला होता, तो त्यानं पाहिला. पुढच्या दोन वर्षांत त्यानं ऑक्सफर्डला केल्टिक साहित्यावर व्याख्यानं दिली आणि १८६७ साली त्यांचं पुस्तक झालं. केल्ट माणूस वास्तवाच्या जुलमाविरुद्ध सदा बंड करायला तयार असतो, हे वाक्य त्यानं आंरी मार्तँ या फ्रेंच इतिहासकाराकडून घेतलं आणि ते असं रुजलं की दीडशे वर्षांनंतर आमच्या प्रशिक्षणाच्या पडद्यापर्यंत पोचलं.

अर्नल्डनं हे सगळं मनापासून कौतुकानं लिहिलं, हे खरं आहे. ऑक्सफर्डला केल्टिकचं अध्यासन हवं हा आग्रहही त्यानंच धरला आणि १८७७ साली ते झालं. पण त्याच व्याख्यानांत तो सांगतो की रोजच्या व्यवहारातून वेल्श जितक्या लवकर जाईल तितकं बरं. काव्य हवं, भाषा नको. त्याला स्वतःला वेल्श येत नव्हती, आयरिशही नाही. भाषांतरं वाचून त्यानं अख्ख्या लोकांचा स्वभाव लिहून काढला.

त्याच्या वीस वर्षं आधी, १८४७ साली, वेल्समधल्या शिक्षणावर सरकारी अहवाल आला होता. पाहणी करणाऱ्या तिघाही आयुक्तांना वेल्श येत नव्हती. लोक अडाणी, आळशी, बायका चवचाल आणि या सगळ्याचं मूळ त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या चर्चमध्ये, असा त्याचा सूर. निळ्या वेष्टनातल्या त्या अहवालाला इथे आजही 'निळ्या पुस्तकांचा दगा' म्हणतात. आधी शिवी, मग कौतुक. पण दोन्हींतला माणूस एकच: मनाच्या लहरीवर चालणारा, ज्याचा कारभार दुसऱ्यानं बघितलेला बरा.

आता याच लोकांची दोन कामं सांगते. गणितात आपण जे बरोबरचं चिन्ह काढतो, त्या दोन समांतर रेघा, ते १५५७ साली पहिल्यांदा वापरलं रॉबर्ट रेकॉर्डनं. हा दक्षिण वेल्समधल्या टेन्बीचा. दोन समांतर रेघांपेक्षा जास्त सारखं जगात काय असणार, असा त्याचा साधा विचार. आणि वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट, त्या आकड्याला पाय हे ग्रीक अक्षर १७०६ साली दिलं विल्यम जोन्सनं. हा अँगलसी बेटावरचा, माझ्या खिडकीतून ते बेट दिसतं. वास्तवाशी भांडणारे लोक म्हणे!

तुम्हाला काय वाटतं? आयर्लंड, स्कॉटलंडकडे कुणी असेल तर जरूर लिहा.

अनुस्वार

सुंदर धागा. तुमचा विल्यम जोन्स म्हणजे आपल्या विल्यम जोन्सचे वडील, हे लिहायचं राहिलं! मुलगा कलकत्त्याला न्यायाधीश झाला आणि १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढे त्यानं सांगितलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून आलेल्या असाव्यात, आणि गॉथिक व केल्टिकही बहुधा त्याच घरातल्या.

मूळ मुद्द्याकडे येतो. 'केल्ट' हा शब्दच सरकत आला आहे. ग्रीकांनी आल्प्सच्या उत्तरेकडच्या लोकांना केल्तोई म्हटलं. सीझरनं गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, मधल्या भागातल्या लोकांबद्दल लिहिलं की ते स्वतःला केल्ट म्हणवतात. पण ब्रिटन आणि आयर्लंडच्या माणसांना कुठल्याच प्राचीन लेखकानं केल्ट म्हटलेलं नाही. ते नाव तिथे चिकटलं अठराव्या शतकात. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख एडवर्ड लुइड गावोगाव फिरला, वेल्श, कॉर्निश, ब्रेटन, आयरिश, स्कॉटिश गेलिक यांचे शब्द त्यानं शेजारी शेजारी मांडले आणि १७०७ साली दाखवलं की या बहिणी आहेत. या कुटुंबाला केल्टिक नाव पडलं.

हे नातं भाषेचं. भाषेला दिलेलं नाव आधी माणसांना लागलं, मग रक्ताला, मग स्वभावाला. प्रत्येक पायरीला पुरावा कमी होत गेला आणि ठामपणा वाढत गेला.

सायली_वाचते

छान माहिती. एक शंका: ड्रुइडांचं, म्हणजे त्या जुन्या केल्टिक पुरोहितांचं, काय? ते विद्या लिहून न ठेवता वीस वीस वर्षं पाठ करायचे, असं वाचलं होतं. तेव्हा मला एकदम वेदपाठ आठवला होता. आणि रोमन लोकांनीही त्यांना भावनाप्रधान म्हटलंय ना? म्हणजे काहीतरी असेलच.

खडूफळा

सायलीताई, वीस वर्षांचं वाक्य सीझरचं आहे आणि बाकी कामांसाठी ते ग्रीक लिपी वापरायचे असंही तोच सांगतो. म्हणजे लिहिता येत नव्हतं असं नाही, ही विद्या लिहायची नाही असा निर्णय होता. वीस वर्षं पाठांतर करणारा माणूस लहरी कसा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रोमन काळातला ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की हे लोक युद्धाचे वेडे, चटकन पेटणारे, एरवी साधेभोळे. मी शाळेत इतिहास शिकवतो, तर पोरांना नेहमी सांगतो की जिंकणाऱ्यानं हरलेल्याचं केलेलं वर्णन वाचताना आधी तारीख बघा. स्ट्रेबो लिहीत होता तेव्हा गॉल पडून पन्नास-साठ वर्षं झाली होती.

अर्नल्डच्या बाबतीतही तारीख बघा. पुस्तक १८६७ चं आणि त्याच वर्षी आयर्लंडमध्ये फेनियनांचा, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यवादी क्रांतिकारकांचा, उठाव झाला. व्याख्यानं संपवताना तो म्हणतो की ऑक्सफर्डचं अध्यासन हा आयर्लंडला पाठवलेला शांतीचा निरोप ठरावा. पुढे १८८६ साली ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टननं आयर्लंडसाठी होमरूलचं विधेयक आणलं, तेव्हा हाच अर्नल्ड विरोधात उभा राहिला. ज्यांच्याकडे कल्पनाशक्ती आहे पण चिकाटी नाही असं आपणच ठरवलं, त्यांच्या हाती राज्य कसं देणार?

आणि हो, तो होमरूल शब्द आपल्याकडे आला तो आयर्लंडवरूनच. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली.

जालनेकर

वाचतोय. आमच्याकडची एक गोष्ट. असई आमच्या जालना जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. वेलस्लीकडच्या गोऱ्या पायदळाच्या दोन्ही पलटणी हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, ७४ वी आणि ७८ वी. ७४ वीचे निम्म्याहून जास्त लोक मराठ्यांच्या तोफांपुढे मेले किंवा जखमी झाले.

हे मी एवढ्यासाठी लिहितोय की १७४६ साली स्कॉटलंडमध्ये कलोडनच्या लढाईत हायलँडर हरले, तेव्हा इंग्रजांनी त्यांच्या पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ पर्यंत होती. फक्त पलटणीत असलं तर तो पोशाख चालायचा. घरी घातला तर गुन्हा, सरकारसाठी मरायला जाताना घातला तर शौर्य! तापट, निष्ठावान, लढाऊ हा त्यांचा 'स्वभाव' असईत कामाला आला. जे कालपर्यंत रानटी होते त्यांना लढवय्ये म्हणायला वेळ लागला नाही. लढवय्या जातींचं हेच गणित इंग्रजांनी पुढे आपल्या देशातही मांडलं.

उंबरठा

सगळ्यांचा आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. बाहेरच्यांनी ठरवलं म्हणून ते खोटंच, असं कसं? मी आयरिश, ब्रेटन गाणी वीस वर्षं ऐकतोय. ती हुरहुर मला दुसरीकडे ऐकू येत नाही. वेल्शमध्ये हिराएथ असा शब्दच आहे, परत जाता येणार नाही अशा घराची ओढ. आपल्याकडेही कोकणातला माणूस आणि विदर्भातला माणूस वेगळा ओळखू येतोच की. मग केल्टिक असं काहीच नाही का?

मेनाई_काठची

उंबरठा, तुमचा प्रश्न मला आवडला, कारण चार वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. हुरहुर आहे, मीही ऐकते. पण ती रक्तातून येते असं म्हटलं की मागचं सगळं पुसलं जातं. इथल्या जुन्या शाळांत वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, त्याला वेल्श नॉट म्हणत. त्या मुलानं दुसऱ्या कुणाला वेल्श बोलताना पकडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. सहा-सात वर्षांच्या पोराला सोबत्याच्या तोंडावर कान ठेवायला शिकवायचं! १९६५ मध्ये लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून त्रेवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन गाव धरणाखाली गेलं. शाळा, चर्च, स्मशान, सगळं. वेल्सच्या जवळजवळ सगळ्या खासदारांनी त्याला विरोध केला होता. हिराएथ हा शब्द वापरणाऱ्याला कुठलं घर आठवतं, हे विचारावं लागतं.

आता दुसरी गोष्ट, आणि यासाठी मला जरा जागा लागेल. वेल्श कवितेत कंघानेथ नावाचा बंध आहे. ओळीचे दोन भाग करायचे, पहिल्या भागात जी व्यंजनं ज्या क्रमानं आली तीच त्याच क्रमानं दुसऱ्या भागात आली पाहिजेत, स्वर मात्र बदलायचे. मराठीत अगदी ढोबळ नमुना मी करून पाहिला: 'काळी सर, कळ सारी'. क-ळ-स-र, पुन्हा क-ळ-स-र. खरे नियम याहून खूप बारीक आहेत, त्यात आघात कुठे पडतो तेही मोजतात, आणि हे अख्ख्या दीर्घ कवितेत ओळीमागून ओळ सांभाळायचं. चौदाव्या शतकापर्यंत हे नियम पक्के झाले आणि आजही आयस्तेद्‌वॉदमध्ये खुर्चीचा मान याच बंधातल्या कवितेला मिळतो. आमच्या वर्गातले निवृत्त ट्रकचालक आजोबा हे शिकायला दर गुरुवारी वेगळ्या वर्गाला जातात. कागदावर पेन्सिलनं व्यंजनांखाली टिंबं देत बसतात, जमलं नाही की खोडतात. अर्नल्डनं यांना शिस्तीचं वावडं ठरवलं होतं.

त्रॉसव्हिनिथजवळ अर इस्गुर्न नावाचं शेतघर आहे. हेथ विन या टोपणनावानं लिहिणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाचं ते घर. खरं नाव एलिस हम्फ्री इव्हान्स, मेंढ्या राखायचा. १९१७ च्या बर्कनहेडच्या आयस्तेद्‌वॉदसाठी त्यानं सैन्यातून कविता पाठवली. सप्टेंबरमध्ये निकाल जाहीर झाला, कवीला उभं राहायला सांगण्यासाठी तुतारी वाजली, पुन्हा वाजली, तिसऱ्यांदा वाजली. कुणी उठलं नाही. तो ३१ जुलैलाच बेल्जियममध्ये मारला गेला होता, वय ३० वर्षं. खुर्चीवर काळं कापड टाकलं आणि ती तशीच त्याच्या आईवडलांकडे पाठवली. ती खुर्ची मी पाहिली आहे. नक्षी इतकी दाट की बसायची जागा सोडून कुठे बोट टेकवायला सपाट लाकूड नाही. कोरणारा बेल्जियममधून आलेला निर्वासित सुतार होता. मुलगी माझ्या हाताला धरून विचारत होती की यावर कुणी बसलंच नाही का. मला उत्तर देता आलं नाही.

खडूफळा

ताई, हे वाचून थांबलो जरा.

एक विचारू? आयस्तेद्‌वॉदमधले ते पांढरे झगे आणि ड्रुइड बनावट आहेत ना?

मेनाई_काठची

हो सर. झगे, दगडांचं वर्तुळ, गोर्सेथचा, म्हणजे कवींच्या मंडळाचा, सगळा विधी योलो मोर्गानुग या गवंड्यानं रचला. १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर त्यानं पहिला मेळावा भरवला आणि हे ड्रुइडांपासून चालत आलंय असं सांगितलं. जुन्या हस्तलिखितांच्या नावावर स्वतःच्या कविताही खपवल्या. १८१९ मध्ये तो विधी आयस्तेद्‌वॉदला जोडला गेला. इथे सगळ्यांना हे माहीत आहे. विधी दोनशे वर्षांचा आहे, कंघानेथ सहाशेहून जास्त वर्षांचं. मला गंमत वाटते ती अशी की बाहेरचे लोक झग्यांचे फोटो काढतात आणि कविता सुरू झाली की उठून जातात.

लिफीकाठ

डब्लिनहून. इकडे याला आणखी एक वळण आहे, ते सांगायलाच हवं. १९ व्या शतकात लंडनच्या व्यंगचित्रांत आयरिश माणूस माकडाच्या तोंडाचा असायचा. त्याला उत्तर म्हणून आयरिश लेखकांनी अर्नल्डचंच चित्र उचललं आणि अभिमानानं मिरवलं: हो, आम्ही स्वप्नाळू, आम्ही आध्यात्मिक, तुम्ही दुकानदार. कवी येट्सनंही त्यातलं बरंच घेतलं. पण १८९८ च्या एका लेखात त्यानं जे म्हटलं ते मला फार पटतं. अर्नल्ड ज्याला केल्टिक म्हणतो ते निसर्गाकडे बघण्याचं जुनं मानवी वळण आहे, एके काळी सगळ्याच लोकांत होतं.

देश स्वतंत्र झाल्यावर राज्यकर्त्यांनीही तेच चित्र भिंतीवर लावलं. १९४३ साली सेंट पॅट्रिकच्या दिवशी पंतप्रधान डी व्हॅलेरांनी रेडिओवर साध्या, काटकसरी, खेड्यात सुखानं राहणाऱ्या आयर्लंडचं स्वप्न सांगितलं. पुढच्या १९५० च्या दशकात त्याच खेड्यांतून सुमारे ४ लाख माणसं देश सोडून गेली. आपल्यावर काढलेलं चित्र आपणच अंगावर घेतलं की त्यात न बसणारी माणसं दिसेनाशी होतात.

भाषेचं सांगायचं तर २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येते असं लिहिलं. शाळेबाहेर रोज बोलणारे साधारण ७२ हजार. 'केल्टिक' अंगठ्या आणि टी-शर्ट मात्र प्रत्येक कोपऱ्यावर.

उंबरठा

मेनाई_काठची, लिफीकाठ, दोघांचेही आभार. गाण्यांबद्दलचं माझं मत मी जरा बदलतो: मी त्यांचे शब्द कधी समजून घेतलेच नव्हते, फक्त सूर ऐकला. तरी एक विचारतो, जनुकांच्या अभ्यासात काही निघालं का?

अनुस्वार

२०१५ साली ब्रिटनमधल्या लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकच असा केल्टिक गट सापडला नाही. कॉर्नवॉल, वेल्स, उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड इथले लोक एकमेकांपासून बरेच वेगळे निघाले. उत्तर वेल्स आणि दक्षिण वेल्स यांच्यातही फरक दिसला.

भाषांचं नातं मात्र पक्कं आहे, आणि तेही आपल्यापर्यंत येतं. संस्कृत 'चत्वार', आयरिश 'कॅहर', वेल्श 'पेद्वार'. 'क'च्या जागी वेल्शनं 'प' केला. संस्कृत 'स्वसृ' म्हणजे बहीण, वेल्शमध्ये 'ख्वाएर'. 'राजन्' आणि सीझरशी लढलेल्या गॉल सरदाराच्या वेर्सिंगेतोरिक्स या नावातला 'रिक्स' एकाच मुळातले.

सायली_वाचते

अरे वा! मग सहा कसा होतो वेल्शमध्ये?

मेनाई_काठची

'ख्वेख'. अनुस्वार यांनी बहिणीचं सांगितलं तेच इथेही, सुरुवातीच्या 'स्व'चा 'ख्व' झाला.

आमच्या घरी हे फोनवर कळलं. मुलगी पहिलीत असताना साताऱ्याला आजीला आकडे म्हणून दाखवत होती: ईन, दाइ, त्री, पेद्वार, पिम्प, ख्वेख. आजी नुसतं हं हं करत होत्या. साइथ, उइथ, नाउ आलं तशा मधेच म्हणाल्या, अगं थांब, हे तर आपलंच म्हणतेस, सात, आठ, नऊ. मग दोघींनी ते तीन आकडे एकत्र म्हटले, एक तिकडून, एक इकडून, चार-पाच वेळा. आता दर रविवारी फोन ठेवण्याआधी आजीच सुरू करतात. ख्वेखमधला ख त्यांना माझ्यापेक्षा चांगला जमतो.

आणि त्या सहकारीला मी परवा रेकॉर्डच्या बरोबरच्या चिन्हाबद्दल सांगितलं. तिला माहीत होतं. शाळेत शिकवलं होतं, म्हणाली, वेल्शमधून.